मक्केतल्या घरांना दारं का नव्हती?

समजा तुम्ही डब्लिनला किंवा टोरांटोला राहता. रियाधला तीन आठवड्यांचं काम निघालंय, किंवा आईबाबांना उमऱ्याला घेऊन जायचंय. अॅपवर एक फ्लॅट सापडतो. फोटो चकाचक, भाव हॉटेलच्या निम्मा. मग मालकाचा मेसेज येतो: अॅपवरचं बुकिंग राहू द्या, व्हॉट्सअॅपवर बोलू, पैसे थेट खात्यात टाका, आणखी स्वस्तात देतो. आता तुमच्यासमोर दोन प्रश्न असतात. हा माणूस खरा आहे का? आणि खरा असला तरी ही जागा अशी चार दिवसांसाठी भाड्याने द्यायची त्याला परवानगी आहे का?

बहुतेक जण पहिल्याच प्रश्नावर अडकतात. रिव्ह्यू वाचतात, फोटो झूम करून बघतात, मालकाचा प्रोफाइल फोटो तपासतात. दुसरा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. गंमत म्हणजे ज्या देशात तुम्ही जागा शोधताय, तिथे तो दुसरा प्रश्नच आधी विचारला गेला. तोही साध्यासुध्या रूपात नाही. वाद असा होता की मक्केत परगावच्या माणसाकडून घरभाडं घेणं मुळात वैध आहे का?

कुराणाच्या बाविसाव्या सूरेत, जिचं नावच 'हज' आहे, एक आयत येते. तिचा आशय असा की पवित्र मशिदीच्या बाबतीत तिथला रहिवासी आणि बाहेरून आलेला माणूस दोघंही सारखेच. आता 'पवित्र मशीद' म्हणजे फक्त मशिदीची वास्तू की अख्खं मक्का शहर? अख्खं शहर म्हटलं, तर मक्केतल्या घरावर मक्केकराचा जितका हक्क तितकाच यात्रेकरूचा. मग भाडं कसलं घेणार? शिवाय मक्का जिंकून घेतलं गेलं की तहाने ताब्यात आलं, हाही मुद्दा होता. जिंकून घेतलेली जमीन सगळ्यांची, तहाने आलेली जमीन ज्याची त्याची. जमिनीच्या मालकीची अशी पोटकलमं वाचली की मला आपल्याकडच्या इनाम जमिनींचे खटले आठवतात.

जुन्या टीकाकारांनी एक हकिकत नोंदवली आहे. खलिफा उमर यांनी मक्केकरांना बजावलं होतं की घरांना दारं लावू नका. हजच्या दिवसांत येणाऱ्याला हव्या त्या अंगणात उतरता आलं पाहिजे. सगळ्यांत आधी दार लावलं ते सुहैल इब्न अम्र यांनी. खलिफांनी जाब विचारला. सुहैल म्हणाले, मी व्यापारी माणूस, माझी जनावरं सांभाळायला दार हवं. खलिफांनी मान्य केलं. म्हणजे अपवाद पहिल्याच पिढीत झाला, आणि अपवादाचं कारणही किती घरगुती! पुढे आठव्या शतकाच्या सुरुवातीला उमर इब्न अब्दुल अझीझ यांनी मक्केत घरभाडं घ्यायला मनाई करणारं पत्र पाठवल्याचं सांगतात. एकच मनाई पुन्हा करावी लागते याचा अर्थ तुम्ही जाणताच: लोक भाडं घेत होते.

या वादाचा सगळ्यांत रंगतदार प्रसंग साधारण १२०० वर्षांपूर्वीचा. मक्केजवळ मिना इथल्या खैफ मशिदीत इमाम शाफिई आणि खुरासानचे विद्वान इसहाक इब्न राहवैह समोरासमोर आले, आणि ऐकायला बसले होते अहमद इब्न हंबल. इसहाक यांचं म्हणणं, भाडं घेणं गैर. त्यांनी आधीच्या पिढीतल्या मोठमोठ्या विद्वानांची मतं मांडली. शाफिई यांनी दाखला दिला तो खुद्द पैगंबरांचा. मक्केत कुठे उतरणार असं विचारल्यावर ते म्हणाले होते की अकीलने आपल्यासाठी घर ठेवलंय कुठे? अकील हे अबू तालिब यांचे पुत्र, त्यांनी वारशाची घरं विकून टाकली होती. शाफिई यांचा युक्तिवाद असा: घर वारशाने मिळालं, विकलं गेलं आणि ती विक्री कुणी रद्द केली नाही, याचा अर्थ घराला मालक होता. मालक आहे म्हटल्यावर भाडंही आलं. या वादात शाफिई जिंकले असं सांगतात. अर्थात सांगणारे बहुतेक शाफिई पंथाचेच.

इमाम अबू हनीफा यांचं मत मात्र वेगळं सांगितलं जातं: हजच्या हंगामात यात्रेकरूंकडून भाडं घेणं त्यांना नापसंत होतं, एरवी चालेल. ही हंगामाची अट लक्षात ठेवा, आपल्याला ती पुढे लागणार आहे.

आता हे सगळं आपल्या गावापर्यंत कसं पोहोचतं ते बघा. रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफिई. मराठवाड्यातले आणि एकूण दख्खनमधले बहुतांशी हनफी. म्हणजे दापोलीच्या यात्रेकरूच्या पंथानुसार मक्केतलं भाडं बिनदिक्कत वैध, आणि बीडच्या यात्रेकरूच्या पंथातल्या जुन्या मतानुसार हंगामातलं भाडं नापसंत. प्रत्यक्षात दोघांनीही पैसे मोजलेच. भाड्याने घर देणं हा शेकडो वर्षं मक्केकरांच्या पोटापाण्याचा मोठा भाग होता. हजच्या दिवसांत कुटुंब एका खोलीत कोंबून उरलेलं घर यात्रेकरूंना द्यायचं. ज्याचं स्वतःचं घर नाही तोही भाड्याच्या घरातल्या खोल्या पोटभाड्याने देऊन वर्षाचं भाडं वसूल करायचा. १८८५ मध्ये काही महिने मक्केत राहिलेला डच अभ्यासक स्नूक हुर्खरोन्ये याने या व्यवहाराचं बारीक वर्णन करून ठेवलंय. थोडक्यात, तुमच्या अॅपवरचा तो 'मालक' स्वतःच भाडेकरू असण्याची शक्यता काही नवी नाही.

मग परक्या मुलखात भाषा न येणारा माणूस विश्वास कुणावर ठेवायचा? घरावर नाहीच, घरमालकावरही नाही. विश्वास असायचा मुतव्विफवर; आपल्याकडे त्याला मुअल्लिम म्हणतात. मुंबईहून आगबोट जेद्दाला लागली की धक्क्यावर पहिली चौकशी व्हायची ती तुमचा मुअल्लिम कोण याची. त्याचा माणूस तुम्हाला उतरवून घेणार, उंटाची सोय करणार, मक्केत घर बघून देणार, विधी सांगणार. हा धंदा घराण्यांत चालायचा आणि मुलूख वाटून घेतलेले असायचे. मुअल्लिमांचे हस्तक हिंदुस्थानात येऊन यात्रेकरू गोळा करायचे. एकाच घराण्याकडे बापाने, मुलाने, नातवाने उतरायचं अशी रीत. आपल्याकडच्या क्षेत्रातल्या बडव्यांच्या आणि उपाध्यांच्या वह्या ज्यांनी बघितल्यात त्यांना ही व्यवस्था लगेच कळेल.

पण ही व्यवस्था म्हणजे सगळा विश्वास एकाच माणसाच्या हाती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एखाद्या मुलखातल्या यात्रेकरूंवरचा हक्क मुअल्लिमाला विकला जाऊ लागला. हक्कासाठी पैसे मोजलेला माणूस ते कुठून वसूल करणार? तक्रार करायची तर ब्रिटिश वकिलात जेद्दात, आणि मक्केत बिगरमुस्लिम अधिकाऱ्याला पाऊलही टाकता येत नसे. १८८२ मध्ये डॉ. अब्दुर रझ्झाक या हिंदी डॉक्टरला उपवकील नेमलं ते याच अडचणीतून. १८९५ मध्ये जेद्दाबाहेर त्यांची हत्या झाली.

इकडे मुंबईत दुसरी फसवणूक चालायची, तिकिटांची. कोकणातून, विदर्भातून, बंगालमधून आलेले लोक जहाजाची वाट बघत मुंबईत पडून राहत आणि दलाल त्यांना लुबाडत. त्यावर १८८७ च्या मुंबईच्या कायद्याने यात्रेकरूंना तिकिटं विकणाऱ्या दलालांना परवाना सक्तीचा केला. त्याच सुमारास, १८८६ मध्ये, सरकारने हजच्या प्रवासाचं काम थॉमस कुक कंपनीकडे सोपवून बघितलं. विचार साधा होता: शंभर दलालांपेक्षा जाब विचारता येईल अशी एकच पेढी बरी. कुकला त्यात फायदा दिसला नाही आणि काही वर्षांतच कंपनीने अंग काढून घेतलं. पण परवान्याची कल्पना टिकली. तुमच्या अॅपवर जाहिरातीखाली बारीक अक्षरात जो लायसन्स नंबर असतो, त्याचा एक पूर्वज मुंबईच्या बंदरात सापडतो असं मला वाटतं.

मराठवाड्याची गोष्ट थोडी निराळी. हैदराबादच्या निजामांनी एकोणिसाव्या शतकात मक्केत 'रुबात' केल्या. रुबात म्हणजे वक्फ केलेली धर्मशाळा: राहायला पैसे नाहीत, घर विकता येत नाही आणि देखरेखीला एक नाझिर. भोपाळच्या, अर्काटच्या अशाच रुबाती होत्या. निजामाच्या रुबातीत राहायचा हक्क जुन्या हैदराबाद संस्थानातल्या लोकांना. ते राज्य १९५६ मध्ये नकाशावरून गेलं, तरी हजला निघालेल्या नांदेडच्या किंवा परभणीच्या माणसाला या रुबातीसाठी अर्ज करता येतो आणि हैदराबादेत चिठ्ठ्या टाकून नावं काढली जातात. भाषावार प्रांतरचनेला न जुमानणारी ही एक खोली मक्केत शिल्लक आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इथे भाड्याचा प्रश्नच नाही, म्हणजे अबू हनीफांचा आक्षेपही मिटला. पण जबाबदार कोण हा प्रश्न इथेही सुटलेला नाही. मागच्या दशकात व्यवस्थापनाच्या वादात मध्येच ही सोय बंद पडली होती. हरम शरीफच्या विस्तारात बऱ्याच रुबाती पाडल्या गेल्या. केरळातल्या थलश्शेरीच्या केयी घराण्याची रुबात १९७१ मध्ये पाडली गेली आणि नुकसानभरपाईचे पैसे सौदी खजिन्यात जमा झाले. ते घ्यायचे कुणी, यावर वारसांचा वाद पन्नास वर्षं चाललाय.

विसाव्या शतकात राज्य बदललं. ऑक्टोबर १९२४ मध्ये मक्का आणि पुढच्या वर्षी जेद्दा इब्न सौद यांच्या ताब्यात आलं. मुअल्लिमांचे दर आणि कामं सरकार ठरवू लागलं, आणि १९८० च्या आगेमागे एकेकट्या मुअल्लिमांऐवजी प्रदेशवार संस्था झाल्या, त्यात दक्षिण आशियाची एक. मुंबईहून आगबोटीने हजला जाणं १९९५ पर्यंत सुरू होतं. यात्रेकरूंना उतरवणाऱ्या इमारतींना दर हंगामासाठी वेगळा परवाना, म्हणजे 'तसरीह', घ्यावा लागू लागला. इमारतीत किती माणसं ठेवायची तो आकडाही त्यावरच ठरतो. आपली हज कमिटी मक्केत इमारती भाड्याने घेते ती हाच कागद बघून.

हा कागद म्हणजे नुसती सरकारी अडवणूक नाही. ५ जानेवारी २००६ ला, हजच्या तोंडावर, मक्केत हरमजवळच्या गल्लीतली लुलुअत अल-खैर ही बहुमजली वसतिगृहाची इमारत कोसळली. ७६ माणसं गेली. नमाजासाठी बरेच जण बाहेर पडलेले होते, नाहीतर आकडा कुठे गेला असता सांगवत नाही. भाड्याची जागा 'खरी' असणं म्हणजे फक्त मालक खरा असणं नव्हे. जिन्यात किती माणसं मावतात आणि खांबांवर किती भार आहे हे कुणीतरी मोजलेलं असावं लागतं, आणि ते तुम्ही रिव्ह्यू वाचून मोजू शकत नाही.

मक्का-मदिनेबाहेर, रियाध-जेद्दा-दम्माममध्ये, थोड्या दिवसांची जागा म्हणजे 'शुकक मफ्रूशा', सामानसुमानासह फ्लॅट. आखातात वाढलेल्यांनी हे बोर्ड बघितलेले असतील. तिथे आधी विचारायचे ते तुमच्या कुटुंबाबद्दल. 'आइला' की 'अज्जाब', म्हणजे कुटुंब की सडेफटिंग? एकट्या बाईला पुरुष पालकाशिवाय हॉटेलात खोली मिळायची सोय नव्हती. २००८ मध्ये ओळखपत्र दाखवून आणि पोलिसांना कळवून राहायला परवानगी मिळाली. सप्टेंबर २०१९ मध्ये ४९ देशांच्या नागरिकांना पर्यटन व्हिसा खुला झाला, आणि पुढच्याच महिन्यात परदेशी जोडप्यांना लग्नाचा दाखला मागायचा नाही असं ठरलं. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणी निकाहनामा किंवा मॅरेज सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून सौदीला गेल्या. 'ही जागा वैध आहे का' यापेक्षा 'तुम्ही या जागेत वैध आहात का' हाच तेव्हा प्रश्न होता.

आता तो प्रश्न पुन्हा जागेकडे वळलाय. सौदीत थोड्या दिवसांसाठी खाजगी फ्लॅट द्यायचा तर पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो. एका व्यक्तीला मोजक्याच, तीनपर्यंत जागांसाठी तो मिळतो. त्यापेक्षा जास्त असतील तर तो धंदा समजला जातो आणि नियम वेगळे लागतात. परवाना नंबर जाहिरातीत दिसायला हवा, आणि परवाना नसलेली जागा अॅपनेही दाखवायची नाही. परवान्याशिवाय पाहुणे उतरवणाऱ्याला दहा लाख रियालपर्यंत दंड होऊ शकतो. लांबच्या मुदतीचा भाडेकरार 'इजार' नावाच्या सरकारी यंत्रणेत नोंदवावा लागतो. तिथे नोंद नसलेल्या कराराला कोर्टात किंमत नाही, आणि २०२४ च्या सुरुवातीपासून नव्या घरभाड्याचे पैसेही त्याच यंत्रणेतून जावे लागतात.

म्हणून 'एकच महिना राहायचंय, करार कशाला, रोख द्या' असं रियाधमध्ये कुणी म्हणालं, तर तो माणूस तुमच्यासाठी कटकट कमी करत नाहीये. त्याच्याकडे पर्यटन परवाना नाही आणि इजारची नोंदही नाही, असा त्याचा अर्थ निघतो. बहुधा तो स्वतः भाडेकरू आहे. पोटभाड्याने द्यायला मूळ मालकाची संमती लागते, ती त्याच्याकडे आहे का हे विचारा. तो अत्यंत सज्जन असू शकतो. आपलाच नागपूरचा किंवा मालेगावचा, तुम्हाला पोहे करून घालणारा. सज्जनपणा आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खरा मालक दारात आला की सामान तुम्हालाच उचलावं लागतं. रियाधमधली भाडी इतकी चढली की सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारला तिथली भाडेवाढ पाच वर्षं गोठवावी लागली. अशा बाजारात खोलीतली खोली, पलंगाचा पलंग भाड्याने जाणारच.

परवानाधारक जागेची एक खूण लोकांना उलटी वाटते. तिथे तुमचा पासपोर्ट नंबर आधी मागतील, कारण पाहुण्याची नोंद पोलिसांच्या 'शमूस' यंत्रणेत करावी लागते. नाव-गाव न विचारता चावी देणारा यजमान मोकळ्या मनाचा वाटतो, पण सरकारदरबारी मग तुम्ही त्या घरात नसताच. चोरी झाली, आजारपण आलं, भांडण झालं, तर तिथे राहत होता हे दाखवणार कसं? नंबर द्या, पण मूळ पासपोर्ट हातचा सोडू नका. हजला गेलेल्या आजी-आजोबांचे पासपोर्ट मुअल्लिमाच्या कचेरीत जमा व्हायचे हे खरं, पण ती हजची सरकारमान्य रीत होती. फ्लॅटवाल्याला तो हक्क नाही. पैसे अॅपच्या बाहेर देऊ नका हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यामागचं कारण तेच, जे कुकला नेमण्यामागे होतं. परवाना नंबर विचारल्यावर टाळाटाळ झाली, तर पर्यटन मंत्रालयाचा ९३० हा फोन नंबर आहे.

आणि मक्केत हंगाम बघा. मक्केत फक्त मुसलमानांनाच जाता येतं, हे गटाने निघणाऱ्या मित्रमंडळींनी आधीच लक्षात घ्यावं. रज्जब महिन्यात पूर्ण वैध असलेला फ्लॅट जिल्हजमध्ये तुमच्यासाठी अवैध होऊ शकतो. २०२५ च्या हजला सरकारने जाहीर केलं की १ जिल्कादपासून १४ जिल्हजपर्यंत व्हिजिट व्हिसावरच्या कुणालाही मक्केत आसरा दिला, मग ते हॉटेल असो, फ्लॅट असो की राहतं घर, तर एक लाख रियालपर्यंत दंड होईल. परवान्याशिवाय हज करू बघणाऱ्याला वीस हजारांपर्यंत. नातेवाईकाने प्रेमाने ठेवून घेतलं तरी सुटका नाही. अबू हनीफांच्या नावावरचं मत होतं की हंगामात यात्रेकरूकडून भाडं घेऊ नये, म्हणजे दार उघडं राहील. आजच्या कायद्यालाही हंगामच महत्त्वाचा वाटतो, पण गर्दी आवरण्यासाठी त्याने दार बंद केलंय, आणि फुकट राहणाऱ्यालाही ते बंदच आहे. त्या सहा आठवड्यांत आईबाबांना मक्केत न्यायचं असेल तर आधी हजचा परवाना, मग इमारतीची तसरीह आणि सगळ्यांत शेवटी फ्लॅटचे फोटो बघा.